नव्वद जोड परत आले तेव्हा

सदर : माणसं पारखताना

आठवड्याच्या बाजारात एक गोष्ट आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. दुकानदार माल दाखवत असतो तोवर त्याच्या जिभेवर खडीसाखर असते. "काका, डोळे मिटून न्या. काही झालं तर मी बसलोय की इथं!" पैसे गल्ल्यात पडले की तोच दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. महिन्याभरानं पंप गळायला लागला, छत्रीची काडी निसटली, चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण परत गेलो, तर तो आपल्याला ओळखही दाखवत नाही. त्याच्या लेखी सौदा त्याच दिवशी संपलेला असतो.

ह्याच्या नेमकं उलट मानणारा एक व्यापारी होऊन गेला. विकलेली वस्तू गिऱ्हाइकानं वापरून वापरून झिजवावी आणि ती झिजल्यावरही त्याचं समाधान कायम असावं, तोवर सौदा पुरा झाला असं मी मानत नाही, असं तो म्हणे. नुसतं म्हणून थांबला नाही. त्या अर्थाची पाटीच त्यानं आपल्या दुकानात लावली होती.

त्याचं नाव लिऑन लिऑनवुड बीन. नाव लांबलचक, म्हणून सारे त्याला 'एल. एल.' म्हणत. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून मेन नावाचं राज्य आहे. घनदाट जंगलं, शेकडो तळी, लांबलचक हिवाळा आणि उत्तरेकडे बटाट्याची शेती, असा तो मुलूख. तिथल्या फ्रीपोर्ट ह्या समुद्रकाठच्या छोट्या गावात ह्या माणसानं आपला संसार केला आणि दुकानही तिथंच थाटलं. तो व्यापारी होता, कुटुंबवत्सल होता आणि रानावनाचा वेडा होता. ह्या तीन गोष्टी त्याच्या आयुष्यात कधी वेगळ्या निघाल्या नाहीत. आज त्याची ओळख करून द्यायची ती एवढ्यासाठी, की शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या ह्या पोरक्या मुलानं दिलेल्या शब्दाची किंमत काय असते, ते रोख पैसे मोजून दाखवलं.

सापळे की जत्रा?

एल. एल.चा जन्म १८७२ सालचा, मेनमधल्या ग्रीनवुड गावचा. वडील शेती करत. घरात सहा भावंडं. थंडी कडाक्याची, जमीन दगडगोट्यांची. शेतावरच्या पोरांना हाताला काम असायचंच.

मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला विचारलं, जवळच्या गावची जत्रा बघायला जायचं, की त्याऐवजी रानातली जनावरं धरायचे लोखंडी सापळे घ्यायचे? दोन्ही मिळणार नव्हतं. कुठलाही मुलगा जत्रा म्हणाला असता. ह्यानं सापळे मागितले. पुढे आपल्या आठवणी लिहिताना त्यानं ही गोष्ट आपला पहिला व्यवहार म्हणून सांगितली आहे. जत्रा एका दिवसात सरते, सापळे हंगामभर चालतात, हा हिशेब त्या वयात त्याला कुणी शिकवला असेल? घरच्या गरिबीनंच शिकवला असणार.

तो बारा वर्षांचा झाला आणि आभाळ कोसळलं. १८८४ साली काही दिवसांच्या अंतरानं आई आणि वडील दोघंही गेले. भावंडं नातेवाइकांच्या आधाराला गेली. आईबापाविना वाढणाऱ्या मुलाला घासागणिक उपकार मोजावे लागतात, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. एल. एल. शेतावर राबला, पडेल ते काम करत राहिला आणि रानाशी त्याची सोबत वाढत गेली.

तेराव्या वर्षी त्यानं पहिलं हरिण मारलं. दोन शिकारी रानातून हात हलवत परत निघाले होते. त्यांना रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटत होती. पोरानं आपलं हरिण त्यांना १२ डॉलरला विकून टाकलं. शिकार आणि व्यापार हे दोन्ही छंद त्याला असे एकाच दिवशी लागले.

इथं एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि आपली उरलीसुरली जंगलं पाहता ती हवीच. मेनमधली परिस्थिती निराळी. तिथं सरकारी परवाना काढून, ठरावीक हंगामात, ठरलेल्या नियमानं हरणाची शिकार आजही चालते आणि तिचं मांस थंडीच्या दिवसांत घराघरांत शिजतं. एल. एल.च्या काळात तर तो तिथल्या गोरगरिबांच्या जगण्याचाच भाग होता. त्या नजरेनंच ह्या गोष्टीकडे पाहावं.

चाळिशी आली, नाव झालं नाही

लहानपणी चुणूक दाखवणारा माणूस पुढे लगेच मोठा होतो, असं गोष्टींत असतं. आयुष्यात तसं होत नाही. एल. एल. भावांच्या धंद्यात शिरला. कपडे आणि जोडे विकण्याचं दुकान. १८९८ साली फ्रीपोर्टच्या बर्था पोर्टर ह्या मुलीशी त्याचं लग्न झालं. कार्ल आणि वॉरन हे मुलगे, बार्बरा ही मुलगी. गावातल्या चार दुकानदारांसारखा हा एक दुकानदार. दुकान चाललं होतं, संसार चालला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर आला तरी चारचौघांत उठून दिसावं असं त्याच्या हातून काही घडलं नव्हतं.

संधी मिळाली की तो रानाकडे पळे. हरणाचा हंगाम नोव्हेंबरात. तेव्हा मेनमध्ये पहिला बर्फ पडलेला असतो, तो धड गोठलेलाही नसतो आणि धड वितळलेलाही नसतो. खाली चिखल, वर बर्फाचा रबरबाट. अशा रानात दिवसभर चालायचं म्हणजे पायांची दैना. कातडी बूट घातले तर ते पाणी पिऊन दगडासारखे जड व्हायचे आणि पाय भिजून गारठायचे. रबरी बूट घातले तर पाणी आत येत नसे, पण उंच रबरी बूट जड आणि बेढब, घोट्याला धरून बसत नसत. त्यातून आत घाम साचून पाय ओले व्हायचे ते व्हायचेच. भाताच्या खाचरात किंवा उसाच्या सरीत रात्री पाणी धरायला उभा राहणाऱ्या माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको.

१९११ च्या सुमारास अशाच एका फेरीत पाय भिजवून आल्यावर एल. एल.नं डोकं चालवलं. कामगार घालतात तसले रबरी बूट घेतले. त्यांचा फक्त खालचा भाग ठेवला. त्याच्यावर हलक्या, मऊ कातड्याचा वरचा भाग गावातल्या जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतला. चिखलपाण्यात बुडतं ते पाऊल रबरात, आणि वाकतो-वळतो तो घोटा कातड्यात. जड नाही, गळत नाही, चावत नाही. बघायला गेलं तर युक्ती अगदी साधी. पण हजारो माणसं वर्षानुवर्षं ओल्या पायांनी घरी येत होती आणि ती कुणाला सुचली नव्हती. बूट करणारे रानात जात नव्हते आणि रानात जाणारे बूट करत नव्हते. हा एकटा दोन्हीकडे पाय ठेवून होता.

शंभरातले नव्वद

स्वतःला बूट आवडले, मित्रांना आवडले. मग एल. एल.नं ठरवलं की हा माल विकायचा. पण कुणाला? गावात शिकारी किती असणार? त्यानं शोध घेतला. मेन राज्यात शिकारीला येणाऱ्या परगावच्या लोकांना सरकारकडून परवाना घ्यावा लागे. त्या परवानेधारकांची नावं आणि पत्ते त्यानं मिळवले. १९१२ साली एक छोटं माहितीपत्रक छापलं आणि टपालानं त्यांना धाडून दिलं. त्यात मोठ्या शब्दांचा फुलोरा नव्हता. पायांत नीट जोड नसेल तर हरणामागे हिंडून हाती काही लागणार नाही, हा जोड मी स्वतः रानात घालून पाहिला आहे, आणि तो तुम्हांला सर्व प्रकारे समाधान देईल ह्याची हमी मी देतो, अशा आशयाचा सरळ मजकूर. किंमत साडेतीन डॉलर.

शंभर जोडांची मागणी आली. शंभर जोड रवाना झाले.

आणि मग एकेक पुडकं परत येऊ लागलं. मऊ रबर टाक्यांच्या रेषेत फाटत होतं आणि वरचं कातडं सुटत होतं. दहा आले, वीस आले, पन्नास आले. बीन कंपनीच्या इतिहासात आकडा नोंदलेला आहे, शंभरापैकी नव्वद जोड परत आले.

आता जरा हिशेब करून पाहा. साडेतीन डॉलरप्रमाणे शंभर जोडांची विक्री ३५० डॉलरची. नव्वद जोडांचे पैसे परत द्यायचे म्हणजे ३१५ डॉलर. कातड्याचे, रबराचे आणि शिलाईचे पैसे आधीच खर्च झालेले. परत आलेला माल फाटका, म्हणजे त्याची किंमत शून्य. घरी बायको आणि लहान मुलं. गिऱ्हाइकं सगळी परमुलखातली, फ्रीपोर्टला येऊन कुणी गचांडी धरणार नव्हतं. कुणाला पत्र लिहून सांगता आलं असतं की वापरात तुमची चूक झाली असेल. कुणाला निम्मे पैसे देऊन वाटेला लावता आलं असतं. कुणाला उत्तर न देताही चाललं असतं.

एल. एल.नं नव्वदही जणांचे पैसे परत केले. पुरेपूर. मग उसने पैसे उभे केले, रबर बनवणाऱ्या कारखान्याकडून टाके पेलेल असा चांगला रबरी तळ करून घेतला आणि दुरुस्त केलेला जोड पुन्हा विकायला काढला.

धंद्याची मुहूर्तमेढ अशी फाटक्या मालावर रोवली गेली. ज्यांना पैसे परत मिळाले ते नव्वद जण गप्प बसले असतील का? आपला अनुभव सांगतो की फसवणुकीची बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते. पण कुणी आपणहून पैसे परत केले, तर तीही गोष्ट पारावर दहा वेळा निघते, कारण असं क्वचितच घडतं. छापील जाहिरातीला जे जमलं नसतं ते त्या परतफेडीनं केलं.

टपालखात्याच्या डोक्यावर कारखाना

वेळही नशिबानं साधून आली. १ जानेवारी १९१३ पासून अमेरिकेच्या टपालखात्यानं पार्सलं पोचवायला सुरुवात केली. तोवर मोठी पुडकी पोचवण्याचं काम खासगी कंपन्यांकडे असे आणि ते महाग पडे. आता दूरच्या खेड्यातल्या माणसालाही घरबसल्या माल मागवता येऊ लागला. पूर्वी आपल्याकडे पुण्या-मुंबईहून व्ही. पी.नं पुस्तकं आणि घड्याळं येत आणि पोस्टमन दारात उभा राहिला की सारं घर गोळा होई, ते ज्यांना आठवतं त्यांना त्या सोयीचं मोल कळेल.

एल. एल.चा भाऊ गाय हा फ्रीपोर्टचा पोस्टमास्तर. टपालकचेरी खाली आणि तिच्या वरच्या मजल्यावर एल. एल.चा कारखाना. वर बांधलेली पुडकी घसरगुंडीवरून खाली सोडली, की थेट टपालात पडत. भावाभावांचा असा मेळ बसला की धंदा कसा वाढतो, ते पाहण्यासारखं होतं.

बुटांमागोमाग इतर वस्तू आल्या. रानात घालायचे कोट, लोकरी मोजे, मासे धरायचं सामान, तंबू, पिशव्या. दर हंगामाला सूचीपत्र निघे. त्यातली भाषा एल. एल. स्वतः लिहायचा आणि समोर बसून बोलावं तशी लिहायचा. वस्तू कशाची केली, वजन किती, कुठं उपयोगी पडेल, एवढंच. बहुतेक वस्तू त्यानं स्वतः रानात किंवा तळ्यावर वापरून पाहिलेल्या असत. म्हणून तो "हे उत्तम आहे" असं लिही, तेव्हा ते जाहिरातीचं उत्तम नसे. त्या वस्तूबरोबर थंडीत दिवस काढलेल्या माणसाचं ते मत असे.

बूट झिजले तर तेही फेकायचे नव्हते. खालचं रबर संपलं की जोड फ्रीपोर्टला परत पाठवायचा. वरचं कातडं तेच ठेवून त्याला नवा रबरी तळ लावून मिळे. आपल्याकडे नांगराचा फाळ झिजला की लोहाराकडून शेवटून घेतात, त्यातलाच हा प्रकार. गिऱ्हाइकानं दरसाल नवा जोड घ्यावा असं ज्याला वाटतं, तो व्यापारी असली सोय कधी करणार नाही.

ज्या दुकानाला कुलूप नव्हतं

रानाचा नाद त्याला म्हातारपणापर्यंत सुटला नाही. शिकारीचा आणि मासेमारीचा हंगाम आला की मालक दुकानात कमी आणि रानात जास्त. १९४२ साली त्यानं शिकार, मासेमारी आणि रानातला मुक्काम ह्या विषयांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. साधं, आटोपशीर, नवख्याला हाताशी धरून शिकवणारं. दुसऱ्या महायुद्धात थंड मुलखात लढणाऱ्या सैनिकांच्या बुटांचा प्रश्न आला, तेव्हा सैन्यानंही ह्या खेडवळ दुकानदाराचा सल्ला घेतला.

शिकारी लोक रात्रीचा प्रवास करून पहाटे रानात पोचत. वाटेत फ्रीपोर्ट लागे. मध्यरात्री दुकानाशी थांबून ते घंटा वाजवत आणि एल. एल.ची माणसं उठून त्यांना हवं ते देत. हे वारंवार होऊ लागलं. शेवटी १९५१ साली त्यानं ठरवलं की दुकान बंदच करायचं नाही. दिवसरात्र, वर्षाचे ३६५ दिवस ते उघडं राहू लागलं. रात्री दोन वाजता ओल्या पायांनी आलेल्या माणसाला "सकाळी या" म्हणणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. तो त्या रस्त्यानं स्वतः गेला होता.

तीन वेळचं जेवण

घरच्या बाबतीत एल. एल. आपल्याकडच्या जुन्या कुटुंबप्रमुखासारखा होता. दोन्ही मुलगे धंद्यात आले. मुलीचा मुलगा लिऑन गोरमन, ज्याला आजोबांचंच नाव मिळालं होतं, तो नौदलातली नोकरी संपवून १९६० नंतर दुकानात रुजू झाला. पत्नी बर्था १९३९ साली वारली, चाळीस वर्षांचा संसार संपला. पुढच्या वर्षी त्यानं क्लेअर बूद्रो ह्यांच्याशी दुसरं लग्न केलं.

म्हातारपणी कुणी त्याला म्हणे, धंदा अजून कितीतरी वाढवता येईल. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, की मला तीन वेळ पोटभर जेवायला मिळतं, चौथं जेवण मला जाणार नाही. समाधानी माणसाचं हे बोलणं ऐकायला गोड आहे, आणि ते खोटंही नव्हतं.

पण ह्या समाधानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही ओळख अर्धी राहील. साठीच्या दशकात ते दुकान साचलेल्या पाण्यासारखं झालं होतं. कामाच्या पद्धती जुन्या, माल जुना, माणसंही थकलेली. तरुण नातू नवनव्या सूचना लिहून आणायचा आणि म्हातारा त्या बाजूला ठेवायचा. आपल्याकडे किती घरांत हेच चालू असतं! सातबारा आजोबांच्या नावावर, तिजोरीची किल्ली आजोबांच्या कडदोऱ्याला, आणि चाळिशीचा नातू ठिबकचा संच घ्यायचा की नाही, हे विचारायला बांधावर उभा. आजोबांचं शहाणपण खरं असतं, नातवाची तळमळही खरी असते. दोघांतला एक जरी थोडा सरकला नाही, तर शेत तसंच राहतं.

५ फेब्रुवारी १९६७ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी एल. एल. बीन वारला. कधीच बंद न होणारं ते दुकान त्याच्या अंत्यविधीच्या वेळी काही तास बंद ठेवलं गेलं. त्याच वर्षी मोठा मुलगा कार्लही गेला आणि धंदा नातवाच्या हाती आला. लिऑन गोरमननं २००१ पर्यंत तो सांभाळला. कामाच्या पद्धती बदलल्या, माल वाढवला, यंत्रं आणली. पण आजोबांची पाटी काढली नाही. वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या आतबाहेर होणारी विक्री त्याच्या काळात एक अब्ज डॉलरच्या पुढं गेली. २०१५ साली तो वारला, तेव्हाही दुकान काही तास बंद राहिलं.

हमीला मुदत लागली

गोष्ट इथं संपवली असती तर ती गोड झाली असती. पण आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि विचार करायला लावते ती तीच.

वस्तूनं समाधान दिलं नाही तर केव्हाही परत करा, ह्या हमीला कसली मुदत नव्हती. शंभर वर्षं ती चालली. पण हळूहळू लोक तिचा फायदा घेऊ लागले. कुणी वीस वर्षं वापरून झिजवलेला कोट आणून नवा मागे. कुणी दुसऱ्याच्या घरचं जुनंपानं सामान चार पैशांत विकत घेई आणि ते दुकानात परत करून नवी वस्तू पदरात पाडून घेई. पाच वर्षांत अशा निकामी परतीच्या मालापायी कंपनीला सुमारे २५ कोटी डॉलर सोसावे लागले. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये एल. एल.चा पणतू शॉन गोरमन ह्यानं जाहीर केलं की ह्यापुढं माल एक वर्षाच्या आत आणि खरेदीच्या पुराव्यासह परत करता येईल.

पुष्कळांना वाईट वाटलं. कुणी म्हणालं, वारसांनी म्हाताऱ्याचा शब्द मोडला. माझ्या मते शब्द मोडायला सुरुवात दुसऱ्या बाजूनं झाली होती. हमी म्हणजे दोन माणसांमधला दोर. एका टोकाला विकणारा आणि दुसऱ्या टोकाला घेणारा. १९१२ साली नव्वद जणांनी जोड परत पाठवले ते खरोखर फाटलेले होते, आणि एल. एल.नं पैसे परत केले तेही खरोखरचे होते. दोघंही खरं वागले म्हणून दोर टिकला. शंभर वर्षांनी एका टोकाचे काही हात खोटे झाले आणि त्याची किंमत खऱ्या गिऱ्हाइकांनाही मोजावी लागली. गावच्या पाणवठ्याचं असंच होतं. चौघांनी घाण केली की झळ साऱ्या गावाला.

आपल्या घरात ह्याचा अर्थ काय?

तुम्ही म्हणाल, मेनच्या रानातल्या बुटांशी आमचा काय संबंध? संबंध दोन्ही बाजूंनी आहे, कारण शेतकऱ्याचं घर विकतही घेतं आणि विकतंही.

विकत घेताना आपण फार भिडस्त असतो. बियाणं उगवलं नाही तर नशिबाला बोल लावतो आणि दुबार पेरणीला कर्ज काढतो. पण सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलेलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. त्यासाठी पक्की पावती मागून घ्या. पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवा. मूठभर बियाणं पिशवीत शिल्लक राहू द्या आणि उगवण बिघडली की लगेच कृषी खात्याला लेखी कळवा. पावती मागितली म्हणून दुकानदार रुसला, तर रुसू द्या. खऱ्या मालाच्या व्यापाऱ्याला पावतीची भीती वाटत नाही.

आणि विकताना? आज गावोगाव बचत गटांच्या बायका पापड, मसाले, लोणची करून विकतात. कुणी सेंद्रिय गूळ, हळद, हातसडीचे तांदूळ थेट शहरातल्या घरांत पाठवतो. एल. एल.नं परवान्यांवरून पत्ते शोधले, आपल्या सुना ते मोबाईलवर शोधतात, एवढाच फरक. पहिली मागणी आली की घरात आनंदीआनंद होतो. पण कसोटीचा दिवस तो नव्हे. खरी कसोटी लागते ती गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा, "ताई, लोणच्याला बुरशी आली हो!" त्या वेळी "तुम्हीच ओला चमचा घातला असेल" हे वाक्य ओठांवर येतं. ते गिळून आधी पैसे परत करायचे आणि मग बरणीत, मिठात की तेलात, कुठं चुकलं ते शोधायचं. बरणीभर लोणच्याचं नुकसान आज सोसवतं. नाव गेलं तर ते कुठल्या बाजारात विकत मिळत नाही.

आणखी एक. एल. एल.चा जोड चांगला झाला, कारण त्यानं तो आपल्या पायांसाठी केला होता. जो मसाला आपण आपल्या आमटीत घालू, तोच पुडीत बांधावा. जी द्राक्षं आपण नातवाच्या हातात निर्धास्त देऊ, तीच पेटीत भरावी. वर निवडक फळं आणि खाली किडकी, ही भरणी एकदाच खपते.

फ्रीपोर्टचं ते दुकान आजही रात्रंदिवस उघडं असतं. रबर आणि कातडं शिवून केलेला तो जोड आजही मेन राज्यातच तयार होतो. थोडेफार बदल झाले, पण युक्ती तीच. आजही झिजलेले जुने जोड पार्सलानं येतात, कारागीर त्यांचं खालचं रबर सोडवतात, वरचं मऊ पडलेलं कातडं पुसतात आणि नवा तळ लावून ज्याचे त्याला परत पाठवतात.